अग्निशामकाची कसोटी आणि तिचें शुल्क

आग लागली म्हणजे शिडीवर चढणारा कोणाच्या घरचा, हें कोणी विचारीत नाहीं. त्याचे हातपाय टिकतील कीं नाहीं, एवढेंच पाहतात. अमेरिकेंतील अनेक कौंटींच्या अग्निशामक खात्यांनीं उमेदवारांस लाविलेली शारीरिक कसोटी याच तत्त्वावर उभी आहे. ५० पौंडांचें जाकीट घालून आठ कामें १० मिनिटें २० सेकंदांत पुरीं करावयाचीं. जिना चढतांना आणखी २५ पौंडांचा भार.

ही कसोटी स्त्रियांस जाचक आहे, असा आक्षेप निघाला. त्यावर उपाय काय झाला? भार कमी केला नाहीं. २००६ सालच्या तडजोडीनें, कसोटीपूर्वीं साधनें हाताळण्याची व सराव करण्याची संधि उमेदवारांस देणें आवश्यक ठरलें. हाच खरा न्याय होय. ज्याचा बाप वा भाऊ त्या खात्यांत आहे, त्यास हें शिक्षण घरींच मिळतें. परक्यास तें कोणी द्यावें?

मात्र पुष्कळ ठिकाणीं कसोटीचें शुल्क उमेदवारासच भरावें लागतें. निर्धनाचें शुल्क कौंटीनें सोसावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. कर भरणाऱ्या नागरिकांचें हितही यांतच आहे; जितके अधिक उमेदवार दारीं येतील, तितकी निवड चोख होईल. कसोटी बळाची असावी, खिशाची नसावी.