बिस्लीत .308च राहू द्या

आमच्या क्लबात दर हिवाळ्यात एकच वाद पेटतो: टार्गेट रायफल प्रकारात 6.5 क्रीडमूर या काडतुसाला परवानगी का नाही? माझं मत ठाम आहे. देऊ नये.

मी मूळचा कोल्हापूरचा, नोकरीमुळे इंग्लंडात. लंडनजवळच्या बिस्लीला 1890पासून रायफलच्या स्पर्धा भरतात. त्यांतल्या एका आंतरराष्ट्रीय सांघिक सामन्याचं नाव ‘कोलापोर’. आमच्या महाराजांनी दिलेल्या करंडकासाठी 300, 500 आणि 600 यार्डांवर नेमबाजी होते. फलकावर ते नाव वाचलं की आजही ऊर भरून येतो, म्हणून इथल्या नियमांबद्दल जरा पोटतिडकीनेच बोलतो.

टार्गेट रायफलला .308 किंवा .223 एवढीच मुभा. रायफलवर दुर्बीण नाही. पालथं पडायचं, दंडाला पट्टा ताणायचा आणि छिद्रातून नेम धरायचा. मोठ्या स्पर्धेत सगळ्यांना सारखीच काडतुसं आयोजकांनी द्यायची, ही इथली परंपरा.

.308 विंचेस्टर 1952चं, हॉर्नेडीचं क्रीडमूर 2007चं. नवं सरस आहे, हे मला मान्यच आहे. त्याची बारीक, लांबट गोळी हवा सहज कापते आणि खांद्याला धक्काही कमी बसतो. 1000 यार्डांवर ताशी 16 किलोमीटरचा आडवा वारा 155 ग्रेनच्या .308ला सव्वादोन मीटरच्या आसपास ढकलतो, तर 140 ग्रेनच्या क्रीडमूरला दोन मीटरच्या आतच.

पण वारा 16चा आहे हे कळलं, तर आपण तेवढी साइट फिरवतोच. घात होतो तो अंदाज चुकल्यावर. समजा ताशी तीन किलोमीटरची चूक झाली. .308 चाळीस सेंटिमीटरच्या थोडी पुढे सरकेल, क्रीडमूर पस्तिसाच्या आसपास. 1000 यार्डांवरचा बुल, म्हणजे लक्ष्याचं मधलं वर्तुळ, साधारण 61 सेंटिमीटरचा, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत तीस. दोघांचाही बुल हुकला! एवढ्या पाच-सात सेंटिमीटरांसाठी नियम मोडीत काढायचा?

खरी परीक्षा बिस्लीच्या स्टिकलडाउन रेंजवर होते. जवळचे झेंडे डावीकडे फडफडत असतात आणि लांबचे मलूल लटकलेले. बाजूला ठेवलेल्या दुर्बिणीतून पाहावं तर मिराज, म्हणजे तापलेल्या हवेची लहर, तिरपी वाहतेय. मग ती क्षणभर सरळ वर उकळते, म्हणजे वारा पडला किंवा तोंड फिरवायच्या बेतात आहे. आता ट्रिगर दाबायचा की थांबायचं? शेजारचा नेमबाज आपला गुण लिहायला थांबलेला, घड्याळ चालू. हे वाचायला वर्षं जातात, आणि तेच तर या खेळाचं सारं वैभव आहे.

स्वप्नील कुसाळेने 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटरवर कांस्य मिळवलं, तेव्हा त्याच्यासह सगळ्यांच्या हातात .22च होती. त्या पदकाची किंमत त्यामुळेच कळते.

ज्यांना नवी काडतुसं पारखायची आहेत त्यांच्यासाठी एफ-क्लास ओपन हा वेगळा प्रकार आहे. तिथे आठ मिलिमीटरपर्यंत हवं ते वापरा, वर दुर्बीण आणि टेकूही मिळतो. मात्र टार्गेट रायफलमध्ये एकदा दार उघडलं की दर काही वर्षांनी नवं काडतूस आणि त्यासाठी नवी नळी घ्यावी लागेल. क्रीडमूरची नळी .308पेक्षा लवकर झिजते, तो खर्च वेगळाच. आज विद्यापीठाच्या क्लबातली मुलगी सामायिक .308 घेऊन येते आणि वारा नीट वाचून नव्याकोऱ्या रायफलवाल्याला हरवू शकते. ही संधी तिच्याकडून काढून घेऊ नका.