लिटल इंडियातलं भाडं कोण वाढवतं?

ते रील तुमच्याही फीडवर येऊन गेलं असेल. स्टेशनातून बाहेर पडलं की डोसा, चाट, पान, मिठाई. काचेआड लेहंगे. दुकानाबाहेर खुर्च्या टाकून चहा पीत बसलेली आपल्या वयाची पोरं. खाली कॅप्शन, 'ओळखा, हे शहर कोणतं?' उत्तर दिल्ली नाही, लुधियानाही नाही. ही सिडनी आहे. तिथल्या हॅरिस पार्क नावाच्या उपनगरातला विग्राम स्ट्रीट.

या रीलखाली दोन प्रकारच्या प्रतिक्रिया असतात. आपल्याकडचे लिहितात, 'अरे, हे तर घरच वाटतंय!' तिकडचे काही जण लिहितात, 'यांच्यामुळेच आमची भाडी वाढली.' मला दोन्हींबद्दल बोलायचंय. कारण पहिली वाचून आपण बॅग भरायला घेतो आणि दुसरी वाचून चिडतो. दोन्ही वेळा हिशोब करायचा मात्र राहून जातो.

आधी हे हॅरिस पार्क आहे तरी काय ते बघू. सिडनीच्या मुख्य शहरापासून साधारण २० किलोमीटर पश्चिमेला, पॅरामाटाला अगदी खेटून. वस्ती जेमतेम पाच हजार, म्हणजे पुण्यातल्या एखाद्या मोठ्या टाउनशिपएवढी. २०२१च्या जनगणनेनुसार इथल्या दर १०० माणसांत ४०हून जास्त भारतीय वंशाचे. नेपाळीही भरपूर. ऑस्ट्रेलियाचं मध्यम वय ३८ आहे, हॅरिस पार्क त्याहून कितीतरी तरुण. देशभरात साधारण ३१ टक्के घरं भाड्याची आहेत, बाकीच्यांचं घर स्वतःचं किंवा कर्जावरचं. हॅरिस पार्कमध्ये चित्र उलटं. तिथे बहुसंख्य लोक भाडेकरू आणि घरं बरीचशी विटांच्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या अपार्टमेंटमधली.

तरुण, भारतीय, भाडेकरू. या तीन शब्दांत उपनगराचं प्रोफाइल संपलं असं वाटेल. पण हे प्रोफाइल म्हणजे रेल्वे प्लॅटफॉर्मचा फोटो आहे. प्लॅटफॉर्म कायम भरलेला दिसतो, पण माणसं तीच नसतात. मुलगा स्टुडंट व्हिसावर येतो, इथे एक खाट मिळवतो, नोकरीला लागतो, पीआर मिळते, लग्न होतं, आणि मग घर घ्यायची वेळ आली की तो वेंटवर्थव्हिल, ब्लॅकटाउन, स्कोफिल्ड्स, मार्सडेन पार्क अशा उपनगरांकडे सरकतो. त्याच्या खाटेवर नवीन मुलगा येतो. म्हणून हॅरिस पार्कचं वय वाढत नाही.

आणि हे आपल्यापासून सुरू झालेलं नाही. मुळात ही जमीन दारुग लोकांची. १७९१मध्ये याच परिसरात जेम्स रूस नावाच्या शिक्षा भोगून सुटलेल्या माणसाला ३० एकर जमीन मिळाली. त्या वसाहतीतलं ते पहिलं जमीन अनुदान. पुढे ती जॉन हॅरिस या सर्जनने घेतली आणि उपनगराला त्याचं नाव मिळालं. विसाव्या शतकात लेबनॉनमधून आलेली कुटुंबं इथे रुजली. त्यांचं अवर लेडी ऑफ लेबनॉन चर्च आजही इथे उभं आहे. मग आपण आलो. २००९च्या जूनमध्ये विद्यार्थ्यांवरच्या हल्ल्यांविरोधात भारतीय मुलं याच रस्त्यांवर उतरली होती. १४ वर्षांनी, मे २०२३मध्ये, नरेंद्र मोदी आणि अँथनी अल्बनीज या दोन पंतप्रधानांनी सिडनीतल्या कार्यक्रमात याच उपनगरासाठीच्या 'लिटल इंडिया' प्रवेशद्वाराच्या कोनशिलेचं अनावरण केलं. गेटची कोनशिला झाली, नाव मिळालं. खोलीचं काय?

आठवड्याचं गणित

ऑस्ट्रेलियात भाडं महिन्याचं नाही, आठवड्याचं सांगतात. इथेच आपण पहिल्यांदा फसतो. २०२१च्या जनगणनेत सिडनी महानगरातलं मधलं भाडं आठवड्याला ४७० डॉलर होतं. मधलं म्हणजे निम्म्या घरांचं याहून जास्त, निम्म्यांचं कमी. आपण पटकन चारने गुणतो आणि महिन्याला १,८८० लिहून मोकळे होतो. पण वर्षात ५२ आठवडे असतात. ४७० गुणिले ५२, भागिले १२ केलं की महिना पडतो जवळजवळ २,०३७ डॉलरला. एका चुकीत महिन्याला दीडशेहून जास्त डॉलर गेले. आणि हा आकडा २०२१चा आहे, त्यानंतर भाडी बरीच चढली आहेत.

आता कमाईची बाजू. स्टुडंट व्हिसावर कॉलेज चालू असताना पंधरवड्याला ४८ तास काम करता येतं. जुलै २०२५मध्ये तिथलं किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर झालं. आठवड्याचे २४ तास धरले तर हातात साधारण ६०० डॉलर, तेही कर कापण्याआधी. कॅज्युअल काम असेल तर थोडे जास्त. पण रोज पूर्ण तास मिळतीलच असं नाही. यात एकट्याने फ्लॅट घेणं जमणारच नाही. म्हणून मग शेअरिंग. पुण्याच्या पेठांत आपण ज्याला 'कॉट बेसिस' म्हणतो, तेच विग्राम स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत चालतं. फक्त डॉलरमध्ये.

माझी ज्युनिअर कॉलेजची एक मैत्रीण मास्टर्ससाठी सिडनीला गेली. पहिले पाच महिने ती हॉलमध्ये पडदा लावून केलेल्या 'रूम'मध्ये राहिली. फ्लॅट ज्याच्या नावावर भाड्याने होता तो आपलाच, भारतीय. 'टेन्शन मत लो, अपने लोग हैं,' असं म्हणून त्याने कागद केला नाही. बाँड, म्हणजे आपल्या भाषेत डिपॉझिट, रोख घेतलं. सोडताना रंगकाम, गादी, सफाई असं सांगत निम्म्याहून जास्त कापून घेतलं. तिने तक्रार केली नाही. कारण पावतीच नव्हती. आणि आपल्याच लोकांमध्ये वाईट कशाला व्हायचं, हा प्रश्न होताच.

म्हणून 'घरच वाटतंय' ही कमेंट मला अर्धीच पटते. पाणीपुरी घरची आहे, भाषा घरची आहे. आजारी पडलात तर खिचडी आणून देणारंही कुणी भेटेल, ते खोटं नाही. पण आपल्या गावची माणसं आजूबाजूला आहेत म्हणून व्यवहार आपोआप सरळ होत नाही. उलट नवीन मुलाला नियम माहीत नसतात आणि तो आपल्या माणसाला कागद मागायला लाजतो, हे ओळखून चालणारा धंदा सगळ्यात जास्त आपल्याच वस्तीत चालतो.

नियम तसे चांगले आहेत. सिडनी ज्या न्यू साउथ वेल्स राज्यात आहे, तिथे बाँड चार आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही आणि तो मालकाच्या खिशात नाही, सरकारी खात्याकडे जमा करावा लागतो. भाडं वर्षातून एकदाच वाढवता येतं. १९ मे २०२५पासून कारण न देता भाडेकरूला काढता येत नाही. पण मेख अशी की, दुसऱ्या भाडेकरूकडून खोली घेतली आणि लेखी करार नसेल, तर हे संरक्षण बहुतेक वेळा तुमच्यापर्यंत पोचतच नाही. पडद्यामागे झोपणारी मुलगी कायद्याच्या नजरेत भाडेकरूच नसते.

मग दोष कुणाचा?

आता दुसरी प्रतिक्रिया. 'यांच्यामुळे भाडी वाढली.' ही नुसती इंटरनेटवरची कुरकुर राहिलेली नाही. ३१ ऑगस्ट २०२५ला ऑस्ट्रेलियाच्या अनेक शहरांत स्थलांतराविरोधात मोर्चे निघाले आणि प्रचाराच्या पत्रकात भारतीयांचं नाव घेतलं गेलं. तिथल्या सरकारने त्याचा निषेध केला. पण घर न मिळालेल्या तिथल्या तरुणाला निषेधाने घर मिळत नाही. त्याचा राग खरा आहे. त्याने धरलेला पत्ता चुकीचा आहे, असं माझं म्हणणं आहे.

पुरावा त्यांच्याच देशात आहे. कोविडमध्ये ऑस्ट्रेलियाने मार्च २०२०पासून सीमा बंद केल्या. आपली मुलं तर थेट डिसेंबर २०२१च्या मध्यात परत जायला लागली. २०२०-२१ या वर्षात देशात येणाऱ्यांपेक्षा जाणारे जास्त होते. म्हणजे स्थलांतर शून्याच्याही खाली. मग घरं स्वस्त व्हायला हवी होती ना? झालं उलटं. २०२१ या एका वर्षात देशभरात घरांच्या किमती साधारण २२ टक्क्यांनी वाढल्या. कारण मध्यवर्ती बँकेने व्याजदर ०.१ टक्क्यावर आणून ठेवला होता. कर्ज स्वस्त झालं आणि ज्याच्याकडे आधीच एक घर होतं त्याने दुसरं घेतलं. त्यात गुंतवणुकीच्या घरात तोटा दाखवून आयकर कमी करायची सोय तिथे वर्षानुवर्षं होती. २०१९च्या निवडणुकीत मजूर पक्ष या सवलतीला कात्री लावायचं आश्वासन घेऊन उतरला आणि हरला.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. विद्यार्थी गेल्यावर २०२०मध्ये सिडनीतल्या फ्लॅटची भाडी उतरली होती. ते परत आले, २०२२-२३मध्ये स्थलांतराने पाच लाखांचा टप्पा ओलांडला, आणि भाडी भडकली. तेव्हा आपला भाड्यावर काहीच परिणाम होत नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. माणसं वाढली की खोल्यांना मागणी वाढणारच. पण मागणी वाढणार हे तिथल्या सरकारला, विद्यापीठांना आधीच माहीत होतं. परदेशी विद्यार्थ्यांची फी हवी होती, डिलिव्हरी करायला, वृद्धाश्रमात रात्रपाळी करायला हात हवे होते. फक्त ते हात रात्री झोपणार कुठे, याचा विचार कुणी केला नाही. जुलै २०२४पासून पाच वर्षांत १२ लाख घरं बांधायचं उद्दिष्ट आता सरकारने ठेवलंय. म्हणजे घरं कमी पडली, हे तेही मान्य करतात.

आणि एक गोष्ट. १ एप्रिल २०२५पासून दोन वर्षांसाठी परदेशी नागरिकांना, त्यात स्टुडंट व्हिसावाले आलेच, ऑस्ट्रेलियात जुनं, वापरातलं घर विकत घेता येत नाही. म्हणजे हॅरिस पार्कमधला विद्यार्थी जुन्या घरांच्या बाजारात फक्त एकच गोष्ट करू शकतो, ती म्हणजे भाडं भरणं. जो भरतो, त्यालाच महागाईचा गुन्हेगार ठरवायचं, हे कुठलं गणित?

आरसा

इथपर्यंत वाचून तुम्ही मान डोलावत असाल, तर जरा थांबा. 'या बाहेरच्या पोरांमुळे भाडी वाढली' हे वाक्य तुम्ही शेवटचं कुठे ऐकलंत? मी ऐकलं ते पुण्यात. सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेसाठी लातूर, बीड, बुलडाण्याहून आलेल्या मुलांबद्दल. हिंजवडीत आयटीवाल्यांबद्दल. 'फक्त फॅमिलीसाठी', 'बॅचलर नको' या पाट्या कुणी ऑस्ट्रेलियन लावत नाही. एका खोलीत पाच कॉट टाकून प्रत्येकाकडून भाडं घेणारा मालक सोसायटीच्या मीटिंगमध्ये मान्यवर असतो आणि कॉटवर झोपणारा मुलगा 'उपद्रव'. सिडनीत जे आपल्याबद्दल बोललं जातं ते आपल्याला झोंबतं. इथे तेच आपण सहज बोलून जातो.

तेव्हा जाणार असाल तर जरूर जा. पण व्हिसासाठी खात्यात दाखवायचे २९,७१० डॉलर, म्हणजे सोळा लाखांच्या पुढची रक्कम, जमवताना खोलीचं गणित ५२ आठवड्यांचं करा. इथूनच कुणाच्या खात्यात बाँड पाठवू नका. पहिले काही दिवस हॉस्टेल किंवा ओळखीच्यांकडे काढा, खोली डोळ्यांनी बघा. समोरचा मराठी असो, पंजाबी असो की गोरा, नाव घातलेला लेखी करार आणि पैशाची पावती मागा. कागद मागितल्याने दुरावणारा माणूस आपला नसतोच.

आणि तिथे जायचं नसेल, तरी हे प्रकरण तुमचं आहे. पुढच्या वेळी सिडनीत असो वा सदाशिव पेठेत, कुणी म्हणालं की बाहेरच्यांमुळे घरं महागली, तर वाद घालत बसू नका. एवढंच विचारा, २०२१मध्ये ऑस्ट्रेलियात बाहेरचे जवळजवळ येतच नव्हते, मग तेव्हा घरं कुणी महाग केली?