शिल्पकार सोडून सगळ्यांची नावे

खान्देशातल्या कुठल्याही सुशोभित चौकात जा आणि आधी कोनशिला वाचा. शिल्पाकडे नंतर बघितले तरी चालेल. ते कुठे पळून जात नाही, निदान पहिला पावसाळा लागेपर्यंत तरी. काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरे असतात. शुभहस्ते मा. पालकमंत्री, अध्यक्षस्थानी मा. आमदार, प्रमुख उपस्थिती मा. खासदार. मग महापौर, उपमहापौर, स्थायी समितीचे सभापती, प्रभागातले चारही नगरसेवक, आयुक्त, शहर अभियंता आणि अगदी तळाला, बारीक अक्षरांत का होईना, मक्तेदार. ज्याने मातीत हात घालून ते घडवले, त्याचे नाव नाही. जळगावात नाही, धुळ्यात नाही, तालुक्याच्या गावांत तर विचारूच नका. अपवाद असेल तर मला दाखवा, मी स्वखर्चाने हार घेऊन येतो.

आपल्या चौकांतल्या कलेचा सगळा बट्ट्याबोळ या एका गाळलेल्या ओळीत आहे, असे माझे म्हणणे आहे. नाव नाही म्हणजे धरायला माणूस नाही. शिल्प वाईट झाले तर कुणाचे वाईट झाले, याला उत्तर नाही. चांगले झाले तरी नाही, पण ती वेळ क्वचित येते.

हे शिल्प जन्माला कसे येते ते एकदा बघा. फाइलीवर कामाचे नाव असते ‘अमुक चौकाचे सुशोभीकरण करणे’. निधी कधी जिल्हा नियोजनातून, कधी नगरोत्थानातून, कधी आमदारांच्या पदरातून आणि बहुतेकदा मार्चच्या तोंडावर. अंदाजपत्रक करतो अभियंता. काँक्रीटला दर आहे, ग्रॅनाइटला आहे, स्टीलच्या रेलिंगला आहे, कारंज्याच्या मोटारीलाही आहे. शिल्पाला दर नाही. मग तीन कोटेशने मागवायची, त्यांतले सर्वात स्वस्त घ्यायचे. मक्तेदार ते काम आणखी स्वस्तात दुसऱ्याला देतो, तो तिसऱ्याला, आणि शेवटी कुठल्याशा कारखान्यात पडून असलेला साचा बाहेर निघतो. बिल काढताना मोजमाप पुस्तिकेत लिहायचे काय? उंची इतकी, रुंदी इतकी, नग एक. चेहऱ्यावर भाव आहे की नाही, यासाठी त्या पुस्तिकेत रकाना नाही. म्हणून आपल्याकडे शिल्पाबद्दल फक्त फुटांत बोलतात. अकरा फुटी, एकवीस फुटी, एकावन्न फुटी. जे मोजता येते त्याचेच बिल निघते आणि ज्याचे बिल निघते तेच चौकात उभे राहते.

एका तालुक्याच्या गावात, नाव घेत नाही, चौकात बैलजोडी बसवली आहे. फायबरची. ‘बळीराजाला मानाचा मुजरा’ असा फलक शेजारी. इकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. त्या उन्हात रंगाला फोड आले, पोटाखालचा थर सुटला आणि आतली काचतंतूंची जाळी बाहेर डोकावू लागली. शिंगांत घातलेल्या सळया गंजून कपाळावर तांबडे ओघळ आले आहेत. हेही परवडले. पण टपरीवर माझ्याशेजारी चहा पीत उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी जे पाहिले, ते अभियंत्याने, मुख्याधिकाऱ्याने आणि अनावरणाची दोरी ओढणाऱ्या मान्यवरांनी पाहिलेच नव्हते. बाबा म्हणाले, “हाऊ बैल शे का? येले वशिंडच नही. जू कोठे ठेवानं?”

खरेच नव्हते. खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंत पाठ सपाट. कुठल्या तरी विलायती बैलाचा साचा, त्याच्यावर आपली झूल रंगवलेली. पोळ्याच्या आदल्या दिवशी ज्या गावात घरोघरी बैलांची खांदेमळणी होते, त्या गावाने बिनवशिंडाची जोडी शेतकऱ्याचा सन्मान म्हणून ताब्यात घेतली आणि मक्तेदाराचे देणे चुकते केले. कलासमीक्षा म्हणजे याहून वेगळे काय असते मला माहीत नाही. ती बाबांनी केली, फुकट केली, आणि कुणीही त्यांना आधी विचारले नव्हते.

थोर पुरुषांच्या पुतळ्यांना निदान एक चाळणी आहे. राज्य सरकारच्या नियमांप्रमाणे मातीचा नमुना कला संचालनालयाकडून मंजूर करून घ्यावा लागतो, पोलिसांचा ना हरकत दाखला लागतो, जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावरून फाइल जावी लागते. ‘सुशोभीकरण’ म्हटले की ही चाळणी नाही. मग बैल असो, मोर असो, समुद्र न पाहिलेल्या तालुक्यातला डॉल्फिन असो, नाहीतर हल्ली गावोगाव उगवलेली ती लाल बदामाची ‘आय लव्ह’ अक्षरे असोत. आपल्या गावावर प्रेम आहे हे आता गावाला इंग्रजीत, एलईडी लावून, सरकारी खर्चाने सांगावे लागते.

आणि चाळणी असूनही काय होते, ते मालवणच्या राजकोट किल्ल्यावर दिसले. ४ डिसेंबर २०२३ ला, नौदल दिनी, पंतप्रधानांच्या हस्ते शिवाजी महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचे अनावरण झाले. २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. नऊ महिनेही उभा राहिला नाही. कला संचालनालयाने मग सांगितले की आमची मंजुरी सहा फुटी मातीच्या नमुन्याला होती. शिल्पकाराचे नाव उभ्या महाराष्ट्राला कळले ते तेव्हा, पोलिसांना अटक करायला माणूस हवा होता तेव्हा. आपल्याकडे शिल्पकाराचे नाव कोनशिलेच्या आधी एफआयआरवर लागते.

त्यानंतर सरकार धावले कुणाकडे? धुळ्याच्या माणसाकडे. राजकोटचा नवा ६० फुटी पुतळा राम सुतार आणि त्यांचे चिरंजीव अनिल यांच्याकडे गेला आणि मे २०२५ मध्ये उभा राहिला. राम सुतार धुळ्याला लागून असलेल्या गोंदूरचे. जन्म १९ फेब्रुवारी १९२५, सुताराच्या घरात. तिथून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. १९५४ ते १९५८ पुरातत्त्व खात्यात राहून अजिंठा-वेरूळच्या भग्न शिल्पांची डागडुजी केली. म्हणजे दुसऱ्याने हजार-दीड हजार वर्षांपूर्वी मारलेली छिन्नी वाचायला शिकले, मग स्वतःची उचलली. गांधीसागर धरणावर ४५ फुटी चंबळमाता आहे, तिच्याजवळ मध्य प्रदेश आणि राजस्थान अशी दोन लेकरे आहेत, ती त्यांची. संसदेच्या आवारात ध्यानस्थ बसलेले गांधीजी त्यांचे. केवडियाचे १८२ मीटरचे सरदार पटेल, ज्याहून उंच पुतळा जगात नाही, तेही त्यांचेच. डिसेंबर २०२५ मध्ये शंभरी ओलांडून ते गेले, तेव्हा खान्देशात श्रद्धांजलीचे फ्लेक्स लागले असतील. त्यांच्या कामातून आपण शिकलो काय म्हणाल, तर एक आकडा. १८२. आमच्या सभागृहांत अजूनही प्रस्ताव येतो तो ‘जिल्ह्यातला सर्वात उंच’ असाच. संसदेतल्या त्या गांधीजींच्या मिटल्या डोळ्यांबद्दल, झुकलेल्या मानेबद्दल कुणी ठराव मांडल्याचे मी ऐकले नाही.

कुणी म्हणेल, आपल्या परंपरेत कलाकार नाव मागे ठेवतच नसे, तो अनामिक राहून सेवा करी. हे वाक्य फार सोयीचे आहे, मानधन बुडवायला तर फारच. चाळीसगावहून घाट चढून गौताळ्याच्या जंगलाकडे गेले की पितळखोऱ्याची लेणी लागतात. इसवीसनाच्या आधीची. तिथे सापडलेला एक यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बुटका, ढेरपोट्या, दोन्ही हातांनी डोक्यावर वाडगा तोललेला, आणि चेहऱ्यावर असे हसू की बघणाऱ्यालाही आवरत नाही. या यक्षाच्या हातावर ब्राह्मी अक्षरे कोरलेली आहेत. त्यांत सांगितले आहे की हे काम कण्हदास नावाच्या सोनाराचे आहे. दोन हजार वर्षांपूर्वी एका सोनाराने दगडात हात घातला, काम मनासारखे उतरले आणि त्याने सरळ हातावर सही ठोकली. त्या काळी लेण्यांना दान देणारे राजे होते, व्यापारी होते, त्यांचीही नावे कोरली जात. पण म्हणून कण्हदासाला कुणी तळाशी बारीक अक्षरांत ढकलले नाही, की गाळले नाही. सराफ बाजाराचा डौल देशभर मिरवणाऱ्या जळगावाने आपल्या शेजारच्या या सोनाराचे नाव ऐकले आहे का, हे एकदा विचारून पाहावे.

आपल्याला वादच घालता येत नाही असे नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये जळगाव महापालिकेतल्या सरदार पटेलांच्या आणि पिंप्राळ्यातल्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्यांच्या अनावरणावरून किती रण माजले होते! हस्ते कुणाच्या, राजशिष्टाचार पाळला की नाही, पत्रिकेत कुणाचे नाव, कुणाचे वगळले. दिवसच्या दिवस बातम्या. त्या सगळ्या गदारोळात पुतळा कुणी घडवला, हा प्रश्न कुणी विचारल्याचे माझ्या तरी वाचनात आले नाही.

याच जळगावात काव्यरत्नावली चौक आहे. नारायण नरसिंह फडणीसांनी १८८७ साली इथून निव्वळ कवितेला वाहिलेले मासिक काढले आणि जवळपास पाच दशके चालवले, त्याचे नाव या चौकाला. एका मासिकाचे नाव चौकाला देणारे शहर मला तरी दुसरे ठाऊक नाही, आणि याबद्दल मी जळगावकरांना मनापासून सलाम करतो. जैन उद्योगसमूहाने हात घातला म्हणून तो चौक नीटनेटकाही आहे. पण कवितेखाली कवीचे नाव छापायचे असते, एवढी गोष्ट ज्या शहराला सव्वाशे वर्षांपूर्वी कळत होती, त्याला शिल्पाखाली शिल्पकाराचे नाव लिहायला कुणाची हरकत आडवी येते?

मुंबईत काळा घोडा चौकातून १९६५ साली राजा एडवर्ड उचलून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला आणि २०१७ मध्ये त्या चौकात स्वाराविना नवा घोडा आला. तो कुणाला आवडतो, कुणाला नाही. पण तो श्रीहरी भोसले यांनी घडवला हे माहीत आहे, म्हणून आवडीनिवडीचे भांडण निदान पत्त्यावर तरी पोहोचते. धुळ्याच्या आग्रा रोडवरच्या एखाद्या बेटावर उद्या काही उगवले, तर भांडायचे कुणाशी? मक्तेदाराशी? त्याने मोजमापाप्रमाणे माल दिला आहे, त्याच्यावर ठपका ठेवता येत नाही.

आता नेहमीचा सवाल येईलच. नळाला पाणी किती दिवसांनी येते ते आधी बघा, रस्ते बघा, मग शिल्पकाराचे कौतुक सांगा. अगदी मान्य. मग पाण्यासाठी हे पैसे वळवा, मी टाळ्या वाजवीन. पण पैसे तर खर्च होतच आहेत. रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक सोयीच्या जागांवर पुतळ्यांना परवानगी देऊ नका, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ ला दिला होता. तरीही चौकांतली बेटे रुंदावतात, रेलिंगे चढतात, आणि उरलेल्या जागेत कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स शिल्पाच्या तोंडावरच लागतो. पाण्याचा विषय फक्त शिल्पकाराला मानधन द्यायच्या वेळी निघतो, ग्रॅनाइट निवडताना कधी निघत नाही.

माझी मागणी महाग नाही. अंदाजपत्रकात एक ओळ वाढवा: शिल्पकाराचे नाव आणि त्याचे मानधन, मक्तेदाराच्या रकमेपासून वेगळे. जळगावात, धुळ्यात कला महाविद्यालये आहेत. तिथून शिकून बाहेर पडलेली मुले हंगामात गणपतीच्या कारखान्यांत डोळे रंगवतात, त्यांना बोलवा. काम ओतायच्या आधी मातीचा नमुना पंधरा दिवस त्याच चौकात, टपरीसमोर, मांडवाखाली ठेवा. बैल असेल तर वशिंड आहे की नाही ते पहिल्याच सकाळी कळेल. तपासणारे बाबा तिथे चहाला रोज येतातच, त्यांच्यासाठी वेगळी निविदा काढावी लागणार नाही.