ढगाचं भाडं किती, भाऊ?

जालन्यात ‘क्लाउड’ म्हटलं की माणसं आधी वर बघतात. त्यांचंही बरोबर आहे. २०१२-१३च्या दुष्काळात टँकरमागे पळालेल्या जिल्ह्यात ढग हा काही गमतीचा विषय नाही. पण हल्ली आमच्या मोंढ्यात दुसऱ्याच एका ढगाची चौकशी सुरू झालीय. हा ढग पाऊस पाडत नाही, बिल पाडतो!

फंडा सोपा आहे. क्लाउड म्हणजे दुसऱ्याचा कॉम्प्युटर, भाड्याने घेतलेला. प्रश्न एवढाच, की कोणाचा घ्यायचा आणि किती दिवस?

माझा एक मित्र हिंजवडीत नोकरी करतो, घर जालन्यात. तुमच्यापैकी अर्धे असेच असाल. काकांच्या बी-बियाण्यांच्या दुकानासाठी त्याने शनिवार-रविवार बसून एक वेब अ‍ॅप बनवलं. त्यात स्टॉक, बुकिंग आणि सगळ्यात नाजूक गोष्ट, म्हणजे उधारी. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी याच गावात महिको सुरू केली, तेव्हापासून जालना म्हणजे बियाण्यांचं गाव. इथला धंदा मे ते जुलै तुफान, एरवी जेमतेम. मग मित्राला पडलेला प्रश्न असा: दीड-दोन महिन्यांच्या गर्दीसाठी बारा महिने तगडं मशिन पोसायचं का?

आम्ही दोघं कागद-पेन घेऊन बसलो. मोसमात दिवसाला ५०० पावत्या धरल्या. दुकान दहा तास उघडं. म्हणजे मिनिटाला एकसुद्धा पावती नाही! काउंटरवर घाम फुटतो तो माणसांना, कॉम्प्युटरला नाही. सगळ्यात लहान सर्व्हरही हे हसत-हसत करेल. तेव्हा ‘लाखो युजर्स झेलतो’ वगैरे जाहिराती विसरा. निवड करायची ती तीन साध्या प्रश्नांवर.

पहिला प्रश्न, मशिन कुठे आहे? ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. अमेरिकेतलं व्हर्जिनिया इथून तेरा हजार किलोमीटर. जाऊन-येऊन कमीत कमी १३० मिलिसेकंद गेले. एका पानासाठी अशा वीस फेऱ्या एकामागोमाग लागल्या, तर अडीच सेकंद नुसत्या प्रवासात. मुंबईची फेरी पाचेक मिलिसेकंदांत होऊ शकते. बडी मंडळी आता आपल्या दाराशी आहेत. मायक्रोसॉफ्टची केंद्रं २०१५ साली पुणे, चेन्नई आणि मुंबईत आली, अ‍ॅमेझॉन २०१६ला मुंबईत, गुगल २०१७ला मुंबईत. डिजिटल ओशन बंगळुरूत आहे. रेंडरचं आपल्याला सगळ्यात जवळचं केंद्र मात्र सिंगापूर.

दुसरा प्रश्न, बिल कळतं का? डिजिटल ओशनसारख्या ठिकाणी लहान सर्व्हरचं महिन्याचं ठरलेलं भाडं असतं. मेससारखं, डोक्याला ताप नाही. बड्यांकडे रिक्षाचं मीटर. डिस्कचे वेगळे, बाहेर जाणाऱ्या डेटाचे वेगळे. अ‍ॅमेझॉन तर १ फेब्रुवारी २०२४पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याचे तासाला अर्धा सेंट घेतं, म्हणजे महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर. आणि बजेट अलर्ट लावला म्हणजे मीटर थांबतं असं समजू नका. तो फक्त ई-मेल पाठवतो.

फुकटचं काय, असं विचारणारच तुम्ही! हेरोकूने २००७पासून अख्ख्या पिढीला शिकवलं, की कोड ढकला आणि निवांत बसा. पण त्यांची फुकट सेवा २८ नोव्हेंबर २०२२ला बंद झाली. रेंडरवर फुकट अ‍ॅप ठेवता येतं, पण पंधरा मिनिटं कोणी फिरकलं नाही की ते झोपतं आणि उठायला मिनिटभर घेऊ शकतं. पोर्टफोलिओ साइटसाठी झक्कास. पण काउंटरवर परतूरहून आलेला शेतकरी उभा आहे आणि काका पडद्यावर गोल फिरणारं चक्र बघतायत, हे चालणार नाही.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि तो कुठल्याच तुलनेच्या तक्त्यात नसतो. सर्व्हरची काळजी कोण घेणार? स्वस्त सर्व्हर म्हणजे रिकामी खोली. कुलूप तुमचं, झाडू तुमचा, गळती तुमची. सिक्युरिटी अपडेट, बॅकअप, डिस्क भरली तर साफसफाई, सगळं आपणच. गावात राहून हे बघणारा कोणी असेल तर खुशाल घ्या. पण तुम्ही हिंजवडीत मीटिंगमध्ये अडकलेले आणि जूनमध्ये दुकानाचा फोन आला तर?

म्हणून माझ्या मित्राने चार पैसे जास्त मोजून गुगलची क्लाउड रन सेवा घेतली, केंद्र मुंबईचं. तिथे कोड द्यायचा, मशिनची उस्तवार ते करतात. मे ते जुलै एक इन्स्टन्स कायम जागा ठेवायचा, बाकी महिने काम नसेल तेव्हा शून्यावर जाऊ द्यायचा. डेटाबेसचं भाडं मात्र बारमाही, ते चुकत नाही. म्हणून डेटाबेस साधा पोस्टग्रेसच ठेवला, म्हणजे उद्या घर बदलायचं झालं तर सामान उचलता येईल. शिवाय रोज रात्री एक बॅकअप दुसऱ्या कंपनीकडे जातो.

काकांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “बाळा, उद्या तू अमेरिकेला गेलास तर माझी उधारी कोणाकडे मागायची?”

मार्केटमधल्या कुठल्याही एक्स्पर्टपेक्षा हा प्रश्न भारी आहे. कारण अकाउंट मित्राच्या जीमेलवर होतं, ओटीपी त्याच्या मोबाइलवर, कार्डही त्याचंच. त्याच दिवशी दुकानाच्या नावाने ई-मेल काढला, अकाउंटचा मालकीहक्क आणि बिलिंग तिकडे वळवलं, आणि बॅकअप परत कसा चढवायचा ते मराठीत दोन पानांवर लिहून गल्ल्यात ठेवलं.

तेव्हा येत्या सुट्टीत गावी जाल आणि कोणी म्हणेल, ‘आपलं पण एक अ‍ॅप कर ना’, तर जरूर करा. मशिन जवळचं घ्या, बिल समजणारं घ्या. आणि किल्ली आपल्या खिशात घालून पुण्याची गाडी पकडू नका!