हुडकेश्वरची घरे आणि वास्तुविशारदाचे काम

बारावीचा निकाल आणि ‘नाटा’चे गुण हाती आले की नागपुरातील अनेक घरांत वास्तुकलेच्या पदवीचा विषय निघतो. चित्रकलेत हात बरा आहे, गणिताची भीती नाही, मग आर्किटेक्ट व्हावे, असा सल्ला सहज दिला जातो. मार्गदर्शन मेळाव्यांतून काचेचे मनोरे आणि देखणे बंगले दाखविले जातात. मात्र पाच वर्षांनंतर ज्या शहरात काम शोधायचे, ते शहर प्रत्यक्षात कोण बांधते, याची चर्चा क्वचितच होते. ती करावयाची तर हुडकेश्वरसारखी वस्ती डोळ्यांसमोर ठेवणे अधिक उपयोगी ठरेल.

नागपूरच्या दक्षिण-पूर्व टोकाचे हे गाव नरसाळ्यासह २०१३ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आले. त्यापूर्वीच येथील शेतजमिनींवर ले-आऊट पडू लागले होते. येथे भूखंड घेणारा कुटुंबप्रमुख प्रथम विचारतो ते ‘आर.एल.’ झाले आहे का, हे. घर एका दमात उभे राहत नाही. आधी तळमजला, कर्जाचे हप्ते आटोक्यात आले की वरचा मजला आणि मुलाचे लग्न ठरले की आणखी एक खोली. हे सारे ठेकेदार आणि मिस्त्री ठरवितात. वास्तुविशारदाची आठवण होते ती मंजुरीसाठी किंवा बँकेसाठी नकाशा लागतो तेव्हा. वास्तुशास्त्र सांगणाऱ्याला मात्र पाया खणण्यापूर्वीच बोलावले जाते आणि त्याची दक्षिणा घासाघीस न करता दिली जाते, ही बाब या व्यवसायाच्या प्रतिष्ठेविषयी बरेच काही सांगून जाते.

नियमांनीही या प्रवृत्तीला हातभार लावला आहे. राज्यात डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीने दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांवरील बांधकामासाठी परवानगीची प्रक्रिया अत्यंत सुलभ केली. नागपूरच्या ले-आऊटमधील परिचित ‘तीस बाय पन्नास’चा भूखंड १५०० चौरस फुटांचा, म्हणजे सुमारे १३९ चौरस मीटरचा असतो. तो थेट या मर्यादेत बसतो. नकाशावर सही वास्तुविशारदाचीच हवी असेही नाही. परवानाधारक अभियंत्याचीही चालते. सामान्य माणसाची वणवण थांबविणारी ही तरतूद स्वागतार्हच आहे. परंतु केवळ नकाशावर जगणाऱ्या छोट्या कार्यालयांचा आधार त्यामुळे आणखी पातळ झाला.

कायद्याचे संरक्षणही वाटते तेवढे भक्कम नाही. १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमाचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले, की या कायद्याने ‘आर्किटेक्ट’ हे बिरुद नोंदणीकृत व्यक्तींसाठी राखून ठेवले आहे, ते काम नव्हे. पाच वर्षांची पदवी आणि परिषदेकडील नोंदणी यांतून मिळणारी मक्तेदारी अशी नावापुरतीच आहे. हे वास्तव विद्यार्थ्याला प्रवेशापूर्वी कळायला हवे.

याचा अर्थ हुडकेश्वरला वास्तुविशारदाची गरज नाही, असा मुळीच नाही. २३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा शहरात पश्चिमेची भिंत उघडी टाकणे, स्लॅब दिवसभर तापू देणे आणि कूलर लावून आत आलेल्या हवेला बाहेर पडायला वाटच न ठेवणे, या चुकांची किंमत कुटुंब प्रत्येक उन्हाळ्यात मोजते. खिडकीची जागा, छज्जाची खोली, जिन्याची दिशा यांना वेगळा खर्च फारसा येत नाही. विचार मात्र लागतो. पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेल्या बाळकृष्ण दोशी यांनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत नेमका हाच विचार केला. जोते, नळ, शौचालय एवढा गाभा द्यायचा आणि पुढचे घर कुटुंबाने ऐपतीप्रमाणे वाढवायचे, ही ती योजना. तिला १९९५ मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला, तर २०१८ मध्ये दोशी हे प्रित्झकर सन्मान मिळविणारे पहिले भारतीय ठरले. हुडकेश्वरची घरे अशीच वाढतात. त्या वाढीला आराखडा तेवढा नसतो. मात्र अरण्य हे एका विकास प्राधिकरणाचे काम होते. एकट्या घरमालकाच्या शुल्कावर अशी सेवा उभी राहणे कठीण, हे मान्य करावेच लागेल.

म्हणूनच संलग्न शाखांकडे ‘पर्याय’ म्हणून दुय्यम नजरेने पाहणे चुकीचे आहे. नगररचनेत ग्राहक एक कुटुंब नसून संस्था असते. राज्याच्या नगररचना विभागात लोकसेवा आयोगामार्फत सहायक नगररचनाकार नेमले जातात, तर रचना सहायकाचे पद पदविकाधारकांच्याही आवाक्यात असते. नागपुरातच व्हीएनआयटीमध्ये नगरनियोजनाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते आणि रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावरील भोपाळच्या ‘एसपीए’त नियोजनाची चार वर्षांची पदवी आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा नाले, उतार आणि मोकळ्या जागा यांचा अभ्यास करणाऱ्या माणसांची उणीव शहराला चांगलीच जाणवली. अंतर्गत सजावटीत पैसा लवकर दिसतो, परंतु तेथेही सुतार आणि फर्निचर दुकानदार हेच खरे स्पर्धक. औद्योगिक आणि दृश्य संकल्पनाची वाट आयआयटीच्या ‘यूसीड’ परीक्षेतून जाते. त्यासाठी वास्तुकलेची पदवी लागत नाही, हे अनेक पालकांना माहीतच नसते.

खर्चाच्या बाजूला अलीकडे एक महत्त्वाचा बदल झाला आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागासवर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णत: माफ आहे, अट केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेण्याची. हुडकेश्वरमधील एखाद्या नोकरदाराच्या मुलीसाठी हा दिलासा मोठा आहे. ड्रॉइंग शीट, प्रतिकृतींचे साहित्य, अभ्यास दौरे आणि तगडा संगणक हा खर्च मात्र या माफीत येत नाही, आणि वास्तुकलेत तो पहिल्या सत्रापासूनच सुरू होतो.