आधी हक्क, मग पाटी

मार्च २०१६ च्या सुरुवातीला कॅनडाच्या वायव्य प्रदेशात इंधनाचा एक टँकर गोठलेल्या ग्रेट बेअर सरोवरावरून जात असताना बर्फ फुटला आणि तो अर्धा पाण्यात गेला. टँकरमध्ये सुमारे ३० हजार लिटर इंधन होते आणि ही जागा देलिने गावापासून जवळच होती. गावाचे पिण्याचे पाणी याच सरोवरातून येते, ताटातले मासेही इथलेच. इंधन सांडण्याआधी उपसून काढता आले म्हणून अनर्थ टळला. त्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांनी, पेरूतल्या लिमा शहरात भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत याच सरोवराला आणि भोवतालच्या जंगलाला ‘त्सा तुए जीवावरण राखीव क्षेत्र’ म्हणून मान्यता मिळाली. या मान्यतेने बर्फाची जाडी वाढणार नव्हती. मग तिचा उपयोग काय, आणि ती मिळवण्यासाठी पाचसहाशे वस्तीच्या गावाने एवढी धडपड का केली?

जीवावरण राखीव क्षेत्र, म्हणजे इंग्रजीत ज्याला बायोस्फिअर रिझर्व्ह म्हणतात, ते राष्ट्रीय उद्यानासारखे नसते. युनेस्कोच्या १९७१ पासून चालू असलेल्या ‘मानव आणि जीवावरण’ कार्यक्रमातली ही कल्पना आहे. मध्ये कडक संरक्षणाचा गाभा, त्याभोवती मर्यादित वापराचा पट्टा आणि बाहेर माणसांच्या वस्तीचा, उद्योगाचा भाग. माणसाला बाहेर काढून निसर्ग राखायचा नाही, दोघांना एकत्र ठेवून राखायचा, हे तिचे तत्त्व. आज १३० हून अधिक देशांत अशी ७०० हून अधिक क्षेत्रे आहेत. मात्र युनेस्कोच्या मान्यतेला स्वतःचे कायदेशीर बळ नसते. ती खाण थांबवू शकत नाही, शिकाऱ्याला दंड करू शकत नाही. जे काही बळ असते ते त्या त्या देशाच्या कायद्यातून आणि स्थानिक कारभारातून येते. त्यामुळे अशा क्षेत्राचा नकाशा किती सुबक आहे यापेक्षा त्याचा कारभार कोणाकडे आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

त्सा तुएचे क्षेत्रफळ ९३,३१३ चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्राच्या जवळपास एक तृतीयांश एवढ्या या प्रदेशात गाव एकच, देलिने. एकटे सरोवरच सुमारे ३१ हजार चौरस किलोमीटरचे आहे; पूर्णपणे कॅनडाच्या हद्दीत असलेले ते सर्वांत मोठे सरोवर. त्याच्या उत्तर भागावरून आर्क्टिक वृत्त जाते. वर्षातला मोठा काळ पाणी गोठलेले असते. गावात यायचे तर विमानाने, किंवा हिवाळ्यात बर्फावर आखलेल्या रस्त्याने. भोवती उत्तरेकडचे सूचिपर्णी जंगल आहे. इथे मनगटाएवढ्या जाडीचे स्प्रूसचे झाड शंभरी गाठलेले असू शकते. सरोवरातले ट्राउट मासेही असेच सावकाश वाढतात आणि पन्नास-पन्नास वर्षे जगतात. १९९५ साली इथे गळाला लागलेला एक ट्राउट ३२ किलोहून जड भरला होता. अशा ठिकाणी केलेली चूक निस्तरायला पिढ्या जातात. जंगलाला आग लागली तर जमिनीवरची दगडफुले पूर्ववत व्हायला अनेक दशके लागतात, आणि हिवाळ्यात कॅरिबू या हरणांचे मुख्य खाद्य तेच असते.

इथे राहणारे लोक म्हणजे साहतू देने आदिवासी. त्यांनी जी वाट धरली तिचा क्रम पाहण्यासारखा आहे. १९९३ साली त्यांनी आणि साहतू मेतिस समाजाने केंद्र सरकारशी जमिनीचा करार केला. त्यातून ४१,४३७ चौरस किलोमीटर जमिनीची मालकी आणि वन्यजीव, पाणी, जमीन यांचा कारभार पाहणाऱ्या मंडळांवर निम्म्या जागा मिळाल्या. २००५ साली गावातले वडीलधारे, सरकारी खाती आणि शास्त्रज्ञ यांनी मिळून सरोवराचा व्यवस्थापन आराखडा तयार केला. २००९ साली सरोवरात शिरलेल्या साओयू आणि एहदाचो या दोन पवित्र द्वीपकल्पांना कायमचे संरक्षण देणारा करार झाला. २०१३ साली साऱ्या साहतू प्रदेशाचा जमीनवापर आराखडा मंजूर झाला, आणि तो कायद्याने बंधनकारक आहे. युनेस्कोकडे जाणे या सगळ्यानंतरचे. मान्यतेच्याच वर्षी, १ सप्टेंबर २०१६ रोजी, देलिने गावाचे स्वतःचे स्वशासन सुरू झाले. हक्क आधी आले, पाटी नंतर लागली. ज्याचा कारभार आदिवासी समाज स्वतः चालवतो असे हे जगातले पहिले जीवावरण राखीव क्षेत्र मानले जाते, ते याच क्रमामुळे.

हा क्रम त्यांना इतका महत्त्वाचा का वाटला, याचे उत्तर सरोवराच्या पूर्व काठावर आहे. १९३० साली तिथे पिचब्लेंड हे खनिज सापडले आणि पोर्ट रेडियम नावाची खाण उभी राहिली. रेडियम तेव्हा कर्करोगावरचे औषध म्हणून सोन्याहून महाग विकले जात होते. याच खनिजातले युरेनियम सुरुवातीला जवळजवळ टाकाऊ समजले जाई. १९४२ मध्ये युद्धाने त्याची किंमत बदलली. खाण पुन्हा सुरू झाली आणि इथले युरेनियम अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पाला गेले. खनिज भरलेली सुमारे ४५ किलोची पोती बोटींवर चढवण्या-उतरवण्याचे काम देने पुरुष करत. पोती कापडी होती, धूळ अंगावर आणि कपड्यांवर बसे, तीच घरी येई. पोत्यात काय आहे आणि त्याने काय होऊ शकते, हे त्यांना कोणी सांगितले नाही. खाणीचा गाळ जमिनीवर आणि सरोवरात टाकला गेला. १९६० मध्ये युरेनियमचे काम संपले. पुढे १९८२ पर्यंत तिथे चांदी काढली जात होती.

गावात एकेक करून पोती वाहणारे पुरुष कर्करोगाने गेले, असे गावाचे म्हणणे. १९९८ साली देलिनेचे काही लोक हिरोशिमाला गेले आणि आपल्या भूमीतून निघालेल्या खनिजाबद्दल तिथल्या लोकांजवळ त्यांनी दुःख व्यक्त केले. ज्यांना काहीच सांगितले गेले नव्हते त्यांनी ही जबाबदारी अंगावर घेतली. खाण चालवणाऱ्या सरकारने तोवर तसे काही केलेले नव्हते.

पुढे गाव आणि केंद्र सरकार यांनी मिळून चौकशी केली. २००५ साली तिचा निष्कर्ष आला : पोती वाहण्याचे काम आणि कर्करोग यांचा संबंध शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध करण्याइतका पुरावा नाही. हा निष्कर्ष नीट वाचायला हवा. संबंध नाही, असे तो म्हणत नाही. पाचसहाशे लोकांच्या गावात चार-पाच मृत्यू जास्त झाले, तर तो निव्वळ योगायोग की कारण, हे ठरवणे संख्याशास्त्राला फार अवघड जाते. त्यासाठी हजारो माणसे लागतात, किंवा निदान प्रत्येकाला किती किरणोत्सर्ग लागला याची नोंद लागते. खाणीतल्या कामगारांच्या काही नोंदी होत्या, पण हंगामी हमालांच्या नोंदी अपुऱ्या होत्या. ज्यांना मोजलेच नाही, त्यांचे नुकसानही मग सिद्ध होत नाही. सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात हे वारंवार घडते. पुराव्याचा अभाव म्हणजे धोक्याचा अभाव, असा अर्थ लावून फाइल बंद होते. देलिनेने त्यातून घेतलेला धडा सरळ होता : मोजणी कशाची करायची आणि ती कोण करणार, हे ठरवताना आपण खोलीत असले पाहिजे.

तोच धडा कॅरिबूंच्या बाबतीत कामी आला. या भागात येणाऱ्या ब्लूनोज ईस्ट कळपात २०१० साली सुमारे १ लाख २० हजार प्राणी होते. २०१५ पर्यंत ते ४० हजारांच्याही खाली आले. वायव्य प्रदेशाच्या सरकारने शिकारीवर आकडी मर्यादा घालायचे ठरवले. जीवशास्त्रज्ञांच्या दृष्टीने ते तर्कशुद्ध होते. देलिनेचा आक्षेप संरक्षणाला नव्हता. त्यांचे म्हणणे असे की, परवान्याचा आकडा दिला की माणूस तो आकडा पुरा करायला निघतो. जनावराशी असलेले नाते, मांस वाटून खाण्याची रीत, वाया न घालवण्याचा नियम हे सारे मागे पडते. म्हणून गावाने स्वतःची योजना मांडली. माद्या सोडून मुख्यतः नर मारायचे, मासे आणि मूस यांवर अधिक भिस्त ठेवायची, शेजारच्या गावांशी मांसाची देवाणघेवाण करायची, शिकारीची माहिती गोळा करायची आणि नियम मोडणाऱ्याला गावानेच जाब विचारायचा. जमीन करारातून आलेल्या वन्यजीव मंडळाने २०१६ मध्ये गावातच सुनावणी घेतली आणि ही योजना मान्य केली.

हे भाबडे वाटू शकते. २०१८ च्या मोजणीत कळप आणखी घटून १९ हजारांच्या आसपास आला, हेही खरे. पण हा कळप अनेक समाजांच्या भूमीतून फिरतो आणि घटीमागे हवामान, आगी, लांडगे, रस्ते, शिकार अशी कारणे एकात एक गुंतलेली आहेत. एका गावाच्या योजनेला त्यासाठी नापास करणे अन्यायाचे होईल. तिचे यश तपासायचे तर वेगळा प्रश्न विचारावा लागेल : तिथले नियम पाळले जातात का? जिथे पहारेकऱ्याला शंभर किलोमीटरच्या टापूत एकही माणूस दिसत नाही, तिथे लोकांनी स्वतःहून न मानलेला नियम हा कागदच असतो. आरोग्याच्या अंगानेही हा प्रश्न बारीक आहे. दूरच्या उत्तरेत दुकानातले अन्न महाग आणि बहुधा डबाबंद असते. कॅरिबू आणि मासे बंद झाले तर ताटात येते ते साखर-मैद्याचे अन्न. दुसरीकडे, दीर्घायुषी मोठ्या माशांत पारा साठतो, आणि दगडफुलांवर बसलेले हवेतले किरणोत्सारी कण कॅरिबूंच्या मांसात उतरू शकतात. म्हणून सरोवरातले ट्राउट तपासण्याचे काम सरकारी मत्स्यशास्त्रज्ञ गावकऱ्यांना बरोबर घेऊन करतात.

सरोवराच्या तळाशी एक हृदय धडधडते आणि त्याच्यामुळे सगळे पाणी जिवंत राहते, अशी देने लोकांची कथा आहे. २००५ च्या आराखड्याला नावही तिच्यावरूनच, ‘जलहृदय’ असे दिले गेले. ही कथा म्हणजे विज्ञान असा दावा करण्याची गरज नाही, तसा तो कोणी केलाही नाही. आराखड्यात ती आली ती हेतू म्हणून. त्या हेतूसाठी पाण्याचे नमुने कुठून, कधी घ्यायचे हे शास्त्राने सांगितले. दोघांनी आपापली जागा सोडली नाही. ‘पारंपरिक ज्ञान’ हा शब्द अहवालाच्या प्रस्तावनेत घालून पुढे विसरणाऱ्यांना हे जमत नाही.

भारतात हा क्रम बहुतेक वेळा उलटा राहिला आहे. उत्तराखंडातल्या रेणी गावच्या बायकांनी १९७४ साली गौरादेवींच्या पुढाकाराने ठेकेदाराच्या कुऱ्हाडीपासून जंगल वाचवले. १९८२ मध्ये शेजारी नंदादेवी राष्ट्रीय उद्यान झाले, लगोलग प्रवेशबंदी आली, १९८८ मध्ये जीवावरण राखीव क्षेत्र जाहीर झाले. आणि रेणी, लाता या गावांची चराई, वनौषधी, गिर्यारोहकांबरोबरची हमाली असे सगळे बंद झाले. ज्यांनी जंगल राखले त्यांनाच ते बंद झाले. २००१ मध्ये लाताच्या लोकांना पर्यटनावरचा आपला हक्क सांगण्यासाठी स्वतःचा जाहीरनामा काढावा लागला. देशात अशी १८ क्षेत्रे आहेत, महाराष्ट्रात एकही नाही. पण महाराष्ट्रात दुसरे काही आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला. माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ च्या पश्चिम घाट अहवालात ग्रामसभांना विचारून संवेदनशील क्षेत्रे ठरवा म्हटले, ते मात्र सरकारांना पेलले नाही. उद्या सह्याद्रीत किंवा गडचिरोलीत कोणी युनेस्कोची पाटी लावायचे म्हणाले, तर आधी तिथल्या किती गावांकडे मेंढ्यासारखा हक्काचा कागद आहे हे मोजावे.

देलिनेचे सगळे सुरळीत आहे असे नाही. एवढ्याशा गावात तीच तीच माणसे शाळा, दवाखाना, मंडळे, सुनावण्या सगळीकडे लागतात आणि थकतात. पैसा बराचसा बाहेरून येतो. हिवाळा उबदार झाला की बर्फाचा रस्ता उशिरा उघडतो आणि लवकर बंद होतो, आणि रस्ता बंद झाला की किराणा विमानाने आणावा लागतो. पोर्ट रेडियमचा गाळ अजून तिथेच आहे, त्याच्यावर नजर ठेवावी लागते. युरेनियमला मागणी आली की खाणकंपन्यांचे लक्ष पुन्हा या काठाकडे जाते. तेव्हा काय चालेल आणि काय नाही हे २०१३ चा जमीनवापर आराखडा ठरवतो. त्याचा दर पाच वर्षांनी फेरआढावा घ्यायचा आहे आणि त्यात कोणताही बदल साहतू लोकांच्या संमतीशिवाय मंजूर होत नाही.