साधेपणा कोणाचा, सक्ती कोणावर?



कल्याण-डोंबिवलीच्या लोकलला रोज लोंबकळून मेटाकुटीला आलेला माणूस म्हणतो, नकोत ही यंत्रे. गावी जावे, बैलाने शेती करावी, साधे जगावे. त्याच्या थकव्याची थट्टा मी करणार नाही. पण १८५३ साली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, १८५४ साली कल्याणला पोचली. त्याच रुळांच्या आधाराने ही शहरे वाढली.

आता त्याच जिल्ह्याचा शहापूर तालुका पाहा. तानसा आणि भातसा ही धरणे तिथलीच. पाणी जाते मुंबई-ठाण्याला, आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. यालाही साधी राहणीच म्हणायचे काय? साधेपणा आपण होऊन घेतला तर ते व्रत. दुसऱ्याने लादला तर ते दारिद्र्य.

यंत्राचे वैरी म्हणून गांधीजींचे नाव घेतात. १९०९ च्या 'हिंद स्वराज्य'मध्ये त्यांनी रेल्वेवर कडक टीका केली, हे खरे. पण १९२९ साली त्यांच्याच चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस लावले. अट अशी, की तो झोपडीत बाईला आठ तास चालवता यावा आणि किंमत १५० रुपयांवर जाऊ नये. म्हणजे प्रश्न यंत्र हवे की नको हा नव्हता. ते कोणाची कंबर वाचवते, हा होता.

आपला कापूस अजून हातानेच वेचला जातो. ज्वारी काढायला मजूर मिळेना म्हणून कित्येकांनी ज्वारीच सोडली. आपल्याला साधेपणाचा उपदेश कशाला? तसेच नव्यावर आंधळी भक्तीही नको. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली, सुरुवातीला बोंडअळीची फवारणी घटली. पुढे गुलाबी बोंडअळीने ते पचवले आणि २०१७ च्या हंगामात बोंडे पोखरली. शेतीशास्त्राची पदवी घेतलेला मी सांगतो, कोणतेही बियाणे देव नव्हे.

म्हणून बैठकीत प्रत्येक अवजाराला, बियाण्याला तीन प्रश्न विचारा. याने कष्ट कोणाचे कमी होतात? कोरडवाहूच्या एका पिकात खर्च निघतो का? बिघडले तर गावात दुरुस्त होते का, फसले तर आपल्याला सोडता येते का?

उत्तर पटले तर घ्या, नाही तर नाकारा. मात्र निवड आपली असावी.